डाव्या गुडघ्याची तारीख

"उजवा माझा, डावा माझा न्हाई म्हनं. मग डावा काय शेजारनीचा बसवलाय व्हय मला?"

पाळकसाहेबांची प्रार्थना ऐन भरात आली होती, आणि शॅरनच्या कानाशी सासूबाईंची ही दुसरी प्रार्थना चालली होती. शॅरननं डोळे मिटलेलेच ठेवून कोपर हलवलं.

"आई, आमेन तरी होऊ द्या."

"मी देवाशीच बोलतीय. कंपनीला कुठं ऐकू जातंय?"

पुढच्या बाकावरचे दोन खांदे हसून हलले. वेदीपुढं पाय बांधून ठेवलेली कोंबडीही नेमकी तेव्हाच ओरडली. सुगीच्या उपासनेला दर वर्षी हे असंच. ऊस, बाजरीची कणसं, कांद्याची गोणी, अंड्यांची टोपली, आणि मधोमध सासूबाईंचं, म्हणजे मरियाबाईंचं, डांगर. ते मधोमधच असायला हवं, नाहीतर मरियाबाईंना उपासना लागत नसे.

मार्चमध्ये त्यांचे दोन्ही गुडघे नगरच्या दवाखान्यात बदलले. विमा कंपनीनं उजव्याचे पैसे दिले, डाव्याचे नाकारले. दाखल करताना केसपेपरावर लिहिलं गेलं होतं : उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो, डावा पंधरा वर्षांपासून. पॉलिसी होती तीन वर्षांची. म्हणजे डावा आधीपासूनच रोगी, आणि तुम्ही तो लपवलात. शॅरनच्या नवऱ्यानं, नॅथननं अर्ज केला, कंपनीनं दोन ओळींत तेच पुन्हा कळवलं. मग तक्रार पुण्याला विमा लोकपालांकडं गेली. आता शुक्रवारी सुनावणी होती, आणि उरलेले कागद उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते.

दरम्यान डाव्या गुडघ्याचे पैसे भागवायला त्यांच्या लेकीच्या, एंजलच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडली होती. दुसऱ्या वर्षाची फी महिनाअखेरीस भरायची होती. तेव्हापासून घरात उजव्या गुडघ्याला 'कंपनीचा' आणि डाव्याला 'एंजलचा' म्हणत. "आज कंपनीचा बराय, एंजलचा जरा आखडलाय," असं मरियाबाई सकाळी उठल्या उठल्या सांगत, आणि एंजल चहाचा कप ठेवून म्हणे, "माझा आहे ना, मग नीट वापर, आज्जी."

प्रार्थना संपली. पाळकसाहेबांनी दर वर्षीप्रमाणं विचारलं, "मरियाबाई, साक्ष?"

मरियाबाईंची साक्ष अख्ख्या मंडळीला पाठ होती. "डाव्या गुडघ्यात कळ हाय, पन प्रभूनं मला उभं ठेवलंय." पुढचा आकडा तेवढा दर सुगीला एकानं वाढायचा. दोन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं. त्या बाकाला धरून उठल्या, चर्चभर नजर फिरवली. शेवटच्या बाकावर थोरला मुलगा प्रभुदास आणि त्याची बायको रोहिणी बसले होते. संगमनेरहून सुगीला ते दर वर्षी येत, आणि दर वर्षी शेवटच्याच बाकावर बसत.

"या वर्षी साक्ष न्हाई," मरियाबाई म्हणाल्या. "कागद चालू हायेत."

पाळकसाहेबसुद्धा हसले.

बाहेर अर्पणांचा लिलाव झाला. आईचं डांगर घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही भिंगारदिवे घराण्याची रीत. इतर वर्षी नॅथन बोली लावी. आज त्यानं शंभर म्हटलं, कुणीतरी दीडशे म्हटलं, आणि नॅथन खिशात हात घालून उगाच रुमाल शोधायला लागला. मागून प्रभुदासचा आवाज आला, "पाचशे."

"पाचशेचं डांगर," मरियाबाई कुरकुरल्या. "याला हिशोब कळंना लहानपनापासून." पण डांगर प्रभुदासच्या कडेवर बसून घरी जाताना त्या मागं वळून वळून बघत होत्या, ते शॅरननं पाहिलं.

*

नॅथनला मटण गोड लागत नव्हतं.

केसपेपरावरची पंधरा वर्षं त्याच्या तोंडून गेली होती. पोरगेला डॉक्टर घाईत विचारत होता, "डावा कधीपासून?" आणि आई आत एक्स-रेला गेलेली. नॅथनच्या कानात चर्चमधली साक्ष वाजली आणि आकडा तोंडातून निसटला. आईच्या पायावर धोंडा पाडायचा म्हणजे किती सोपं असतं, हे त्याला कंपनीच्या पत्रानं कळवलं. आठ महिने कुणी त्याला बोललं नव्हतं. बोललं असतं तर बरं झालं असतं.

जेवणं उरकली तशी प्रभुदासनं फाईल काढली. तो संगमनेरला कॉलेजच्या ऑफिसात. कागद बघितला की त्याचा चेहरा सुखावतो, हे घरचं जुनं निरीक्षण. चष्मा पुसून, टाचण्या काढून, त्यानं भाकरीचे तुकडे लागलेल्या सतरंजीवर सगळे कागद ओळीनं मांडले.

"केस सोपी आहे," तो म्हणाला. "पंधरा वर्षांपूर्वी पडल्यामुळं मार लागला होता, तो बरा झाला. आताची झीज वेगळी, ती वयामुळं, आणि दोन्ही गुडघ्यांत एकदमच आली. एवढं पटवलं की झालं. एंजल, तुझं अक्षर चांगलंय. लिही. आई, पडलीस कुठं?"

"हौदाच्या पायऱ्यांवर," नॅथन घाईनं म्हणाला. "शेवाळं होतं."

"चर्चच्या पायऱ्यांवर ना?" शॅरन त्याच क्षणी म्हणाली.

"नाही काही! नाताळच्या कोंबडीमागं पळताना," एंजल म्हणाली. "आज्जीनंच सांगितलंय मला."

"न्हानीत," मरियाबाई म्हणाल्या.

प्रभुदासनं चष्म्यावरून सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"लोकपालांना वाटेल, बाई वर्षभर पडतच होत्या."

रोहिणी हसली, पण एकटीच, म्हणून थांबली.

"आता जागेला काय धरून बसायचं, दादा," नॅथन म्हणाला. "सरळ लिहू, डॉक्टरांची लिहिण्यात चूक झाली. पंधरा महिन्यांची पंधरा वर्षं झाली. आपल्या ऑफिसात होतात की अशा चुका."

"ऑफिसात होतात," प्रभुदास म्हणाला. "पण डॉक्टरनं का स्वतःवर घ्यावी? त्यांनी 'आम्ही ऐकलं तेच लिहिलं' म्हटलं की संपलं."

"आन मी त्याच्यावर सही करनार न्हाई," मरियाबाई म्हणाल्या. "त्या लेकरानं तू सांगितलं तेच लिवलं. त्याच्या नावावर खोटं कशापायी?"

"न्हाणीत पडलीस हे खरंय का मग?" नॅथनचा आवाज चढला.

"त्याला मी सही कुठं केलीय?"

प्रभुदासनं कंपनीच्या पत्रातली ओळ बोटानं दाखवली. पूर्वीच्या उपचारांचे कागद सादर केले नाहीत. "हे महत्त्वाचं. तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं ना? एक्स-रे काढलाच असेल. त्यात हाड शाबूत, सांधा नीट दिसला, की कंपनीचं सगळं म्हणणं पडलं. तो एक्स-रे कुठाय?"

"हरवला," मरियाबाई म्हणाल्या.

"उंदरांनी खाल्ला," नॅथन म्हणाला.

दोघं एकदमच बोलले होते. एंजलनं वहीतून मान वर केली, आज्जीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. शॅरननं तिला भांडी आत न्यायला सांगितली, आणि स्वतःच तिच्या हातातली पातेली ओढून उठली.

*

स्वयंपाकघरात नॅथन, शॅरन आणि रोहिणी अशी तीनच माणसं मावत, तीही कुजबुजली तर.

"आहे कुठं तो?" रोहिणीनं विचारलं.

"आईंच्या पेटीत," शॅरन म्हणाली. "पाकिटावर तारीख आहे, ताई."

रोहिणीच्या हातातलं डांगर अर्धं चिरून राहिलं. तारीख कुणाला विचारायची गरज नव्हती. अकरा मे दोन हजार दहा. आदल्या दिवशी तिचं आणि प्रभुदासचं रजिस्टर लग्न झालं होतं. ती मराठ्यांची, हे प्रभुदासच्या वडलांना, याकोब मास्तरांना चाललं नाही, आणि तिच्या वडलांना तो चालला नाही. अकराच्या सकाळी प्रभुदासनं मित्राचा टेम्पो आणला, दोन ट्रंका टाकल्या आणि घर सोडलं. मरियाबाई टेम्पोमागं धावल्या. दारच्या चार पायऱ्यांपैकी तीन उतरल्या. दोन वर्षांनी मास्तर गेले तेव्हा प्रभुदास परत येऊ लागला, आणि तो फाटकातून आत यायच्या आत मरियाबाईंनी घरातल्या प्रत्येकाला बजावलं : दासाला सांगायचं न्हाई. त्यानं गाडीत बसून जन्मभर तेच आठवत बसायचं का?

रोहिणीला हे कळलं ते पुढं कितीतरी वर्षांनी, शॅरनकडून, पापड लाटता लाटता. टेम्पोत ती तोंडाला पदर लावून बसली होती, तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

"मी म्हणते, द्यावा तो एक्स-रे," शॅरन म्हणाली. "पोरीचं वर्ष आहे हे. तारीख काय, बघितली तर बघितली."

"बघितली तर ते संगमनेरपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत," रोहिणी म्हणाली. "आणि मग पुढच्या सुगीला येणार नाहीत. मी ओळखते ना."

"तुम्ही दोघी माझ्या बाजूनं व्हा," नॅथन म्हणाला. "आईला समजवा. महिन्यांची वर्षं झाली, एवढंच."

"तुमच्या तोंडानं एकदा झालंय ना वाटोळं," शॅरन म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. पण नॅथनच्या चेहऱ्यावर रागाऐवजी सुटका दिसली.

"आठ महिने लावलेस गं म्हणायला," तो म्हणाला.

रोहिणीनं सुरी उचलली. "पाकीट न देता नुसता एक्स-रे दिला तर?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं.

"नुसत्या काळ्या कागदावर लोकपाल काय बघणार," शॅरन म्हणाली. "कुणाचा, कधीचा, ते पाकिटावरच आहे. आणि डॉक्टरांचा शेराही त्यावरच."

"मग माझी फी मी पुढच्या वर्षी भरते," दारातून एंजल म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ऐकलं होतं ते अर्धंच, पण फीपुरतं पूर्ण. "पण तुम्ही असे चोरासारखे का उभे आहात? एक्स-रे म्हणजे तोच ना, ज्यातनं आपण ग्रहण बघितलं?"

"एंजल," शॅरन म्हणाली.

"नाताळाच्या दुसऱ्या दिवशीचं ग्रहण. आज्जीनंच काढून दिला होता, डोळे जातील म्हणून. सगळ्या आळीनं आज्जीच्या गुडघ्यातनं सूर्य बघितला! परत पेटीत ठेवला तो मीच, हार्मोनियमच्या मागच्या खणात."

मरियाबाईंची पेटी म्हणजे वाजवायची पेटी, हे रोहिणीला आत्ता कळलं. तिला इतकी वर्षं लोखंडी ट्रंक वाटत होती. ती काही बोलायच्या आत पोरगी निघून गेली होती.

*

मरियाबाई ओट्यावर येऊन बसल्या होत्या, समोर त्याच चार पायऱ्या. मागं मास्तरांनी त्यांना सिमेंट लावून घेतलं होतं. पडल्याबद्दल एक शब्द न बोलता गवंडी आणला, आणि दुपारभर स्वतः उन्हात उभे राहिले. तेवढीच त्यांची माफी.

गुडघा तीन महिन्यांत बरा झाला होता, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पावसाळा संपायच्या आतच त्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. पण सुगी आली, पाळकसाहेबांनी साक्ष विचारली, उभ्या राहिल्या, आणि आत खरोखरच कळ होती. कुठं आहे ते मंडळीला कसं सांगायचं? थोरल्याचं नाव घ्यायची घरात सोय नव्हती, मास्तर पुढच्याच बाकावर. गुडघा म्हणायला सोपा होता. म्हणाल्या गुडघा. पुढच्या वर्षीही तेच म्हणाल्या. मग दासा परत आला, शेवटच्या बाकावर बसला, तरी म्हणतच राहिल्या. सवयीनं की आणखी कशानं, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. खरोखरचा दुखायला लागला दोन-अडीच वर्षांपूर्वी, उजव्याच्या जोडीनं. तेव्हा तर त्यांना जरा हायसंच वाटलं होतं. निदान साक्ष खरी झाली.

आणि आता कंपनीनं नेमकी तीच साक्ष धरली. देवाला चालली ती कंपनीला चालली नाही.

फाटकाबाहेर प्रभुदासची गाडी उभी होती. त्याची एक गोष्ट मरियाबाईंना फार आवडे. निघताना तो कधी आईच्या देखत गाडी चालू करत नसे. "तू आत जा, खुर्चीत बस, मग मी निघतो," म्हणायचा. उशीर झाला तरी. एकदा तर पाऊस आला तरी. घरच्या लोकांना त्याचं कौतुक होतं, जावयालासुद्धा एवढी रीत नसते म्हणत. आत खुर्चीत बसून मरियाबाई गाडीचा आवाज ऐकायच्या, लांब जाईपर्यंत.

"आई, आत ये," प्रभुदासनं हाक मारली. "सापडला."

*

हार्मोनियमच्या भात्याचा वास असलेलं तपकिरी पाकीट सतरंजीवर होतं. एंजल गुडघ्यावर बसून एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरत होती, आणि पहिल्या वर्षाचं सगळं शिक्षण एकदम खर्च करत होती.

"बघा, मोठे पप्पा, ही फट. सांध्यातली फट किती मोकळी आहे! झीज असती तर हाडाला हाड लागलं असतं. हा गुडघा एकदम मस्त आहे. आणि हे शेऱ्यात, 'हाडास इजा नाही, मुकामार.' जिंकलो की आपण!"

नॅथन भिंतीवरच्या मास्तरांच्या फोटोकडं बघत होता. शॅरननं रोहिणीचा हात धरला होता, की रोहिणीनं शॅरनचा, ते सांगता आलं नसतं. मरियाबाई दारात उभ्या राहिल्या, चौकट धरून.

प्रभुदासनं पाकीट हातात घेतलं. पुढून वाचलं, मागून वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"तारीख चुकीची हाय ती," मरियाबाई म्हणाल्या. "मिशनचा कंपाउंडर प्यायचा."

"व्हय, लई प्यायचा," नॅथन म्हणाला. घाबरला की तो आईसारखा बोले.

"एंजल," प्रभुदास म्हणाला, "पेन घे. निवेदन. अर्जदार मरिया याकोब भिंगारदिवे, वय त्र्याहत्तर, राहणार राहुरी. दिनांक अकरा मे दोन हजार दहा रोजी—"

"दासा, ऱ्हाऊ दे. न्हानीत पडले म्हन."

"—सकाळी साडेनऊच्या सुमारास, अर्जदार या राहत्या घराच्या दर्शनी पायऱ्यांवरून पडल्या. लिहिलंस? चौथ्या पायरीवरून. त्यामुळं डाव्या गुडघ्यास मुकामार लागला."

एंजलचं पेन चाललं होतं. "पडण्याचं कारण?" तिनं विचारलं. लोकपालांच्या नमुन्यात तसा प्रश्नच होता.

"दादा," नॅथन म्हणाला. "दादा, तुला कुणी सांगितलं?"

प्रभुदासनं पाकीट सतरंजीवर ठेवलं, कडा सरळ केल्या. तो आईकडं बघत होता, तिच्या चेहऱ्याकडं नाही, नव्या गुडघ्यांकडं.

"कुणी नाही सांगितलं," तो म्हणाला. "टेम्पोला आरसा होता, आई. तू धावत आलेली दिसलीस, पडलेली दिसलीस. मी टेम्पो थांबवला नाही."